वडिलांचा रकाना

माझ्या हातातून माईक काढून घेतला तेव्हा मी फक्त 'नमो' म्हटलं होतं. पुढचा शब्द तोंडातच राहिला.

सत्याऐंशी सालचा उन्हाळा. साउथहॅम्प्टनमध्ये एका शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल. समोर पांढरी चादर घातलेलं टेबल, त्यावर दोन तसबिरी, मेणबत्त्या, अगरबत्ती, सुपरमार्केटमधून आणलेली फुलं. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत उभी. शंभर-सव्वाशे माणसं खुर्च्यांवर. मी बौद्धाचार्य. आमच्यात भटजी नसतो. वंदना पाठ असलेला, विधी माहीत असलेला समाजातलाच एखादा साधा माणूस पुढे उभा राहतो आणि लग्न लावून देतो. दक्षिण इंग्लंडात आमची घरं मोजकी. अकरा वर्षं तो माणूस मीच होतो.

हात मागून आला. इथल्या आमच्या बौद्ध मंडळाच्या अध्यक्षांचा. ते माझ्या बायकोचे, सुमनचे मोठे भाऊ. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला भाऊजी. त्या दिवशी भाऊजी म्हणाले नाहीत. माईकवर पंजा ठेवून हळू बोलले, तरी पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं.

"तुम्ही नको. खाली जाऊन बसा."

"मग लग्न कोण लावणार?"

"मी लावतो. तिसरं शील तुमच्या तोंडून ऐकायचं का या पोरांनी?"

तिसरं शील म्हणजे व्यभिचार न करण्याचं. लग्नाआधी पाचही शीलं सगळ्यांनी माझ्यामागून म्हणायची असतात. मी खाली उतरलो. पहिल्या रांगेत कुणी सरकलं नाही. दुसऱ्या रांगेत एका बाईने रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली. मी शेवटच्या रांगेत, फायर एक्झिटजवळ जाऊन बसलो. रडू आलं नाही. कान तेवढे तापले.

आता पुढचं ऐका. दादांना विधीचा क्रम येत नव्हता. नवऱ्याच्या प्रतिज्ञा कशाबशा झाल्या, नवरीच्या प्रतिज्ञेला ते अडकले. कागद उलटा केला, सुलटा केला. कागद माझ्याच अक्षरातला होता आणि माझं अक्षर दुसऱ्याला लागत नाही. नवरी खाली मान घालून उभी. मग दादांनी मान वर केली आणि सव्वाशे डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी सांगितलं. बसल्या जागेवरून, मोठ्याने, पुढचं वाक्य. मग त्याच्या पुढचं. सगळी प्रतिज्ञा मी शेवटच्या रांगेतून सांगितली आणि दादांनी ती माईकवरून म्हटली. लग्न लागलं. लोकांनी फुलं टाकली. मला कुणी जेवायला चला म्हटलं नाही.

माईक काढून घेतल्याचा राग काही वर्षांत कमी झाला. मी वाक्य सांगितलं, त्याचा राग अजून जात नाही. माझा अपमान करणाऱ्याला शब्द कमी पडले, तर तेही मीच पुरवले.

आमचं घर नागपूरचं. बाप छप्पन्न साली बौद्ध झालेला. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला. त्याला शाळेत पाणी वरून ओतून मिळायचं, ओंजळीत. ते त्याने आम्हाला शंभरदा सांगितलं, आणि शेवटी दर वेळी एकच बोलायचा, "मागे बस म्हटलं की तिथून उठायचं." मी शिकलो, लॅब टेक्निशियन झालो, चौऱ्याहत्तरला इकडच्या हॉस्पिटलात लागलो. पुढच्या वर्षी सुमनशी लग्न. त्याच्या पुढच्या वर्षी प्रज्ञा झाली.

येताना बापाने एक वही दिली होती, हाताने उतरवलेली. वंदना, लग्नाचा विधी, नामकरणाचा, मयतानंतरच्या पुण्यानुमोदनाचा. त्या वहीमुळे मी इथला बौद्धाचार्य झालो. सतरा लग्नं लावली. हुंडा नाही, मुहूर्त नाही, अर्ध्या तासात काम. एकदा एका नवऱ्या मुलाची आई, कमलताई, विधवा म्हणून आपणहून भिंतीला चिकटून उभ्या होत्या. मी विधी थांबवला. म्हटलं, आपल्यात विधवेला मागे ठेवत नाहीत, ताई पुढे या, पहिला हार तुम्ही घाला. बाई पुढे आल्या. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात दादांनी. मी त्या दिवशी घरी येऊन बापाला लांबलचक पत्र लिहिलं.

त्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. ती मी कुणालाच सांगितली नव्हती. मला पुरुष आवडतात हे मला नागपूरलाच माहीत होतं. लग्न केलं की जाईल असं वाटलं. गेलं नाही. सुमनवर अन्याय झाला आणि तो करणारा मी होतो. यात समाजाला मध्ये घालत नाही. दहा वर्षं ती बाई शेजारी झोपून विचारत राहिली की माझ्यात काय कमी आहे, आणि मी म्हणायचो, काही नाही, थकलोय.

मायकल मला बसमध्ये भेटला. तो बस चालवायचा, पहाटेची पहिली. मी पहाटेच्या शिफ्टला जायचो आणि बऱ्याचदा बसमध्ये मी एकटाच असायचो. आयरिश माणूस, कॉर्कचा, बोलायला लागला की थांबत नाही. वर्षभर नुसतं बोलणं. पंच्याऐंशीत मी सुमनला खरं सांगितलं. ती एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी प्रज्ञाला घेऊन स्टॅनमोरला दादांकडे गेली. गोष्ट मंडळात पसरायला सत्याऐंशी उजाडलं.

हिशेब सरळ आहे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी दहा वर्षं खोटं बोललो, तेव्हा मला पहिल्या रांगेत बसवलं, हातात माईक दिला, बौद्धाचार्य म्हणून पाया पडले. खरं बोललो, तेव्हा मी शील मोडणारा झालो.

कोर्टाचंही तेच. मुलीचा ताबा ठरवायला वेल्फेअर ऑफिसर घरी आली; तोवर मायकल माझ्याकडे राहायला आला होता. बेडरूम किती, बेड किती, हे दोनदा मोजलं. मग हुकूम झाला. मुलगी एक शनिवार सोडून एक शनिवार बापाकडे येईल, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. रात्री राहणार नाही. आणि त्या वेळात तो दुसरा माणूस घरात असणार नाही. तो दुसरा माणूस! त्याला नावही दिलं नाही कागदावर.

मग आमचं सुरू झालं. दर दुसऱ्या शुक्रवारी मी मायकलच्या वस्तू गोळा करायचो. बूट, रेझर, चष्म्याचं केस, रोझरीची माळ. सगळं काळ्या पिशवीत भरून माळ्यावर. शनिवारी सकाळी तो फ्लास्कमध्ये चहा भरायचा आणि बंदरावर जाऊन बसायचा. पाऊस असला की लायब्ररीत. पाच वाजेपर्यंत. आपल्याच घरात ताकाला जाऊन भांडं लपवायचं. प्रज्ञा दहा वर्षांची होती. एकदा तिने बाथरूममध्ये दोन टूथब्रश पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. दहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं नाही ते आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं.

त्या काळात घरोघरी त्या रोगाची, एड्सची पत्रकं पडत होती. माईक घेतला त्याच्या पुढच्या वैशाखी पौर्णिमेला मी दरवर्षीसारखी खीर करून नेली. आमच्यात त्या दिवशी खिरीचा मान असतो. बाकीची चार पातेली रिकामी झाली. माझं झाकणही कुणी उघडलं नाही. ज्यांच्या बापांना वरून पाणी ओतलं गेलं ती ही माणसं. त्यांना कळायला हवं होतं, हाच माझा त्रागा आहे. गोऱ्याने नाही खाल्ली तर मी समजू शकतो. यांनी? मी पातेलं घरी आणलं. मायकलने दोन दिवस तीच खाल्ली.

सरकारने अठ्ठ्याऐंशीत कायदाच केला. आमच्यासारख्यांचं घर हे खरं कुटुंब आहे असं कौन्सिलच्या शाळांतून पटवून द्यायचं नाही. म्हणजे दादा, कोर्ट आणि सरकार, तिघांचं एकमत. एरवी या तिघांचं कशावर एकमत झालेलं मी पाहिलं नाही.

तरी मी बसलो. मागे बस म्हटलं, बसलो. मायकलची आई वारली तेव्हा कॉर्कच्या चर्चमध्ये तो पहिल्या बाकावर आणि मी शेवटच्या. त्याने बहिणीला सांगितलं होतं, हा माझा लॉजर, म्हणजे घरातला भाडेकरू. पाद्री कुटुंबाविषयी खूप सुंदर बोलला. परत येताना बोटीवर मायकल म्हणाला, "सॉरी." मी म्हटलं, "आय नो." दोघांनाही या कामाची सवय झाली होती. पुढे चौऱ्याण्णवमध्ये त्याला हार्ट ॲटॅक आला. त्याच्या रक्ताची नळी माझ्या टेबलावर आली, मीच तपासली. वॉर्डमध्ये गेलो तर सिस्टरने विचारलं, "आर यू फॅमिली?" त्याच्या रक्तातलं सगळं मला माहीत होतं, पण कागदावर जवळचं माणूस म्हणून कॉर्कची बहीण होती. मी व्हिजिटिंग अवर्स संपल्यावर बाहेर बसलो.

त्या बाकावर बसून पहिल्यांदा मनात आलं की मला लग्न पाहिजे. मला, सतरा लग्नं लावणाऱ्याला. हौस म्हणून नाही, या वयात कसली हौस. सिस्टरच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता यावं म्हणून. मी बाहेर कधी कुणाला बोललो नाही. लोक हसले असते. मायकलला सांगितलं तर तो म्हणाला, पोप आधी की तुझे दादा आधी, कोण लावून देतंय बघू.

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात प्रज्ञा साउथहॅम्प्टनला आली. बावीस वर्षांची, रीडिंगला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी. आता कोर्टाचा हुकूम नव्हता, ती केव्हाही येऊ शकत होती, मायकलशी नीट बोलायची. पण त्या दिवशी तो दुकानात जाईपर्यंत ती थांबली. मग बॅगेतून लग्नाची पत्रिका काढली. मुलगा नितीन, स्टॅनमोरचाच, आपल्यातलाच, चांगला.

पत्रिका छान होती. वर दोन तसबिरी. खाली निमंत्रक म्हणून सुमन आणि दादा. आणि मध्ये तिचं नाव. प्रज्ञा, आणि सरळ आडनाव. मराठी माणसाला सांगायला नको की पोरीच्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये बापाचं नाव असतं. नितीनच्या नावात त्याच्या बापाचं होतं. माझ्या पोरीच्या नावात नव्हतं.

"मामाने प्रिंटिंगला दिलं," ती म्हणाली. "मी चेक नाही केलं, बाबा."

"बरं."

"शुक्रवारी रजिस्टर ऑफिस आहे, हॅरोला. तिकडे तुम्ही या. शनिवारी हॉलमध्ये पण या. पण तिकडे... मामा बोलले की तुम्ही गेस्ट्सबरोबर बसायचं. मागे. आणि मायकल नाही आणायचं. बाबा, फक्त वन डे. प्लीज. नितीनच्या फॅमिलीला सगळी गोष्ट माहीत नाही."

मी हो म्हटलं. पोरीचं लग्न होतं. ती रेल्वेने परत गेली आणि मायकलने काही न विचारता माझा पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. मला वाटतं त्याने ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी हॅरोचं रजिस्टर ऑफिस. कार्पेट, प्लास्टिकची फुलं, टेबलामागे एक गोरी बाई, शाईचं पेन. विधीआधी ती नोंदवहीसाठी माहिती विचारत होती. पुढे प्रज्ञा आणि नितीन, बाजूला नितीनचे आई-वडील, दादा, सुमन. मी मागे, खिडकीजवळच्या खुर्चीवर. कुणी सांगितलं नव्हतं. माझे पाय आपोआप तिकडे गेले.

बाईने नितीनच्या वडिलांचं नाव विचारलं, काम विचारलं. लिहिलं. मग प्रज्ञाकडे वळली. "ब्राइड्स फादर? नेम अँड ऑक्युपेशन?"

प्रज्ञाने तोंड उघडलं. त्याआधी दादा म्हणाले, "पुट माय नेम. आय ब्रॉट हर अप."

"सॉरी सर. इट हॅज टू बी द फादर." मग तिने आवाज मऊ केला, सवयीचा प्रश्न असावा तसा. "इज ही स्टिल लिव्हिंग? इफ नॉट, आय जस्ट राइट डिसीज्ड."

कुणी बोललं नाही. दोन सेकंद असतील, तीन असतील. दादा टेबलाकडे पाहत होते. नितीनची आई दादांकडे पाहत होती. माझी पोरगी आपल्या मेंदी न लावलेल्या हातांकडे पाहत होती. ती तीन सेकंद मी मेलेलो होतो आणि त्याने सगळ्यांची सोय होत होती. बाईचं पेन कागदाच्या वर थांबलेलं. तिने चूक केली नव्हती. जो बाप नावात नाही, पत्रिकेत नाही, टेबलाजवळ नाही, तो मेलाच असणार.

मी उठलो. खुर्ची मागे भिंतीवर आपटली.

"आय ॲम द फादर," मी म्हटलं. "आय ॲम लिव्हिंग."

बाई गोरीमोरी झाली. मी टेबलापाशी गेलो. नाव सांगितलं, पूर्ण, माझं, माझ्या बापाचं, आडनाव. एकेक अक्षर सुटं करून. काम सांगितलं. तिने वडिलांच्या रकान्यात लिहिलं. मग मी वहीवर वाकून पाहिलं. पुढचा रकाना साक्षीदारांचा.

"मदर्स नेम?" मी विचारलं.

"देअर इज नो स्पेस फॉर द मदर, सर. इट्स ओन्ली फादर्स."

सुमन माझ्याशी तेरा वर्षं बोलली नव्हती. तेव्हा बोलली. हसली आधी, कोरडं.

"वाढवलं मी," ती म्हणाली. "लिहितात तुम्हाला."

ज्या कायद्याच्या दृष्टीने माझं घर खोटं, त्यालाच माझं नाव हवं होतं. ज्या बाईने रात्री जागून पोरगी मोठी केली, तिला त्या कागदावर बोटभर जागा नव्हती. मायकलचं तर बोलायलाच नको. त्याने पोरीच्या येण्याच्या दिवसांसाठी वर्षानुवर्षं घराबाहेर चहा प्यायला. लग्न नावाच्या त्या वहीत कोण बसणार आणि कोण नाही हे ठरवणारा कुणीतरी आधीच ठरवून गेला होता, आणि आम्ही सगळे, दादासुद्धा, त्याच्या रकान्यांत स्वतःला कोंबत होतो. आमचे बाप असल्याच एका वहीतून बाहेर पडले होते. आम्ही नुसती वही बदलली.

लग्न झालं. सह्या झाल्या. बाहेर पायऱ्यांवर फोटो काढत होते. मी प्रज्ञाला बाजूला घेतलं. दादाही आले, त्यांना न बोलावता येण्याची सवय आहे.

"उद्या मी येईन," मी म्हटलं. "मायकल माझ्याबरोबर येईल. आईवडील हार घालायला पुढे उभे राहतात, तेव्हा मी पुढे उभा राहीन. मागे बसणार नाही."

"बाबा, तुम्ही प्रॉमिस केलं होतं."

"केलं होतं. खोटं केलं होतं. पुन्हा खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बोललो."

तिचे डोळे भरले. "का करता असं? माझ्या लग्नातच का?"

"कारण आत त्या बाईने मी जिवंत आहे का विचारलं, तेव्हा तू गप्प होतीस."

हे बोलायला नको होतं. बापाने बोलायचं नसतं ते. पण खरं होतं. ती वळून नितीनकडे गेली.

दादा म्हणाले, "तमाशा करू नका. एकटे यायचं तर या. नाहीतर येऊ नका."

सुमन दोन पायऱ्या खाली उभी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला सगळं उशिराच सुचतं."

शनिवारी आम्ही दोघं गेलो. मायकलने सूट घातला होता, आईच्या मयताला घातलेला तोच, दुसरा नाही त्याच्याकडे. स्टॅनमोरचा हॉल, गाड्यांनी भरलेला कार पार्क. दाराशी दादा आणि मंडळाचे दोन तरुण. दादांनी माझ्याकडे पाहून हात जोडले, लोक बघत होते म्हणून. "जयभीम. तुम्ही आत या. त्यांना गाडीत बसू द्या."

"जयभीम," मी म्हटलं. "त्याला कोर्टाने बारा वर्षांपूर्वी बाहेर बसवलं. तुम्ही बसवायचं नाही."

"हा धम्माचा कार्यक्रम आहे."

"म्हणूनच आलोय."

तेवढ्यात कमलताई आल्या. आता काठी घेऊन चालायच्या. आमच्या दोघांमधून वाट काढताना त्या थांबल्या. मला वाटलं, बोलतील. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, मान खाली घातली आणि आत गेल्या. मी त्यांना दोष देत नाही असं लिहिणार होतो. देतो. पुढे बोलावून घेतलेल्या माणसाने मागे ढकललेल्यासाठी तोंड उघडायचं नाही तर कुणी उघडायचं?

मायकल हळूच म्हणाला, "यू गो इन. शीज युअर गर्ल. आय डोन्ट माइंड."

"आय माइंड," मी म्हटलं.

आम्ही आत गेलो नाही. गेलोही नाही तिथून. खिडक्या उघड्या होत्या. कार पार्कमध्ये उभं राहून मी माझ्या पोरीचं लग्न ऐकलं. त्रिसरण झालं, पाच शीलं झाली. ती मी मोठ्याने म्हटली, सगळी. तिसरंही. बाजूला गाडी लावणारा एक माणूस थांबून बघत राहिला. मायकलला पाली येत नाही. तो टोपी हातात घेऊन उभा होता. प्रतिज्ञा सुरू झाल्या तेव्हा मी प्रज्ञाचा आवाज ओळखला. मग टाळ्या. मग आम्ही निघालो. मोटरवेवर मायकलने टाय काढून मागच्या सीटवर टाकला.

मी जिंकलो असं कुणी समजू नये. पोरीच्या लग्नाचा एकही फोटो माझ्याकडे नाही. ती वर्षभर बोलली नाही. बऱ्याच वेळा वाटलं, एक दिवस मागे बसलो असतो तर काय बिघडलं असतं. मग लक्षात यायचं की एक दिवस कधीच एक दिवस नसतो. ते शनिवारही एकेक दिवसच होते. पोरगी येऊन जायची आणि मी माळ्यावरून पिशवी काढायचो.

माझा धम्म मी सोडलेला नाही. दादांना तेवढं वाईट वाटतं. सोडला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. त्यांना वाटतं, मी मंडळाला सवलत मागतोय. सवलत नकोय. मला लग्न पाहिजे, रजिस्टरमध्ये पाहिजे आणि हॉलमध्ये पाहिजे, दोन तसबिरींसमोर, पाच शीलांसकट. सुमनच्या नावाचा रकानाही पाहिजे. माझ्या हयातीत होईल की नाही, माहीत नाही. आज कुणीही हसेल. आम्ही एका तळ्याचं पाणी प्यायला निघालो होतो तेव्हाही लोक हसले होतेच.

गेल्या महिन्यात प्रज्ञाचा फोन आला. मुलगा झालाय. आवाज दमलेला, पण गोड. मला आजोबा म्हटलं तिने. मी खुर्चीवर बसलो. मायकल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

"बाबा, बेबीचं नामकरण आहे. मला वाटतं तुम्ही यायला पाहिजे. मामा बोलले की तुम्ही आलात तर चालेल. पण एकटं."

"प्रज्ञा, मामा काय बोलले ते मला सांगू नकोस. तुला काय पाहिजे?"

बाळ रडत होतं. ते माझं नातवंड, पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकत होतो.

"आय डोन्ट नो, बाबा."

"मग कळलं की फोन कर. दोघांना बोलव. मी एकटा येणार नाही. नामकरणाला नाही, वाढदिवसाला नाही, मयताला नाही. आता कुठेच एकटा येणार नाही."

"बाबा, ऐका ना..."

"ऐकलं बाळा, खूप वर्षं ऐकलं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. मीच ठेवला.